चिपची हाक, प्रोसेसरचा कान

फोन चालू असतो, पडद्यावरचे घड्याळ पुढे सरकत असते, गाणेही वाजत असते. पण बोट कितीही फिरवले तरी पडदा ढिम्म. मग आपण बाजूचे बटण दाबून पडदा बंद करतो, पुन्हा चालू करतो आणि काही झालेच नव्हते अशा थाटात टच सुरू होतो. फोन रीस्टार्ट केलेला नसतो, काही दुरुस्तही केलेले नसते. मग बिघडले काय होते आणि सुधारले कशाने?

असे गोठण्याची कारणे बरीच असतात: ओला हात, तापलेला फोन, अडकून पडलेले एखादे अ‍ॅप. त्यातले एक कारण मात्र वेगळ्याच जातीचे आहे. टचची चिप ठणठणीत असते, प्रोसेसर ठणठणीत असतो, दोघांना जोडणारी तारही शाबूत असते. तरी दोघांत अबोला. चिप म्हणते, मी हाक मारली आहे, आता तू ये. प्रोसेसर म्हणतो, हाक आली की येतो. दोघांचेही आपापल्या परीने बरोबर, आणि वापरणाऱ्याला मात्र यंत्र मेल्यासारखे वाटते. वॉशिंग मशीन, राउटर, लिफ्ट, मोटार अशा ज्या ज्या यंत्रांच्या पोटात छोटा संगणक दडलेला असतो, तिथे तिथे हा अबोला होऊ शकतो. तो होतो कसा आणि टाळायचा कसा, ते पाहू.

चक्कर मारायची की हाक ऐकायची?

रुग्णालयात खाटेच्या उशाशी एक बटण असते आणि खोलीच्या दारावर, बाहेरच्या बाजूला, एक लाल दिवा. रुग्णाने बटण दाबले की दिवा लागतो आणि सिस्टर आत येऊन त्या खाटेजवळची कळ पूर्ववत करेपर्यंत तो लागलेला राहतो. दिवा नसता तर सिस्टरला दर दोन मिनिटांनी प्रत्येक खाटेपाशी जाऊन ‘काही हवंय का’ विचारत फिरावे लागले असते. बहुतेक वेळा उत्तर ‘नको’ असते, आणि खरी गरज नेमकी ती पुढच्या खोलीत गेल्यावर निघते.

प्रोसेसरपुढेही हेच दोन मार्ग असतात. प्रत्येक चिपला पुन्हा पुन्हा विचारत राहण्याला ‘पोलिंग’ म्हणतात. चिपने स्वतःहून हाक मारण्याला ‘इंटरप्ट’. आर्डुइनो उनो या छोट्या प्रोग्रॅमेबल बोर्डाचा प्रोसेसर सेकंदाला १ कोटी ६० लाख ठोके घेतो. ते सगळे ‘काही हवंय का’ विचारण्यात घालवायचे नसतील, किंवा बॅटरी वाचवण्यासाठी त्याला झोपू द्यायचे असेल, तर इंटरप्टला पर्याय नाही. चिप आपल्या एका पिनवरचा दाब बदलते, प्रोसेसर हातातले काम आहे तिथे ठेवतो, कुठे थांबलो याची नोंद करतो आणि त्या चिपसाठी लिहिलेल्या छोट्या प्रोग्रॅमकडे उडी मारतो. हा छोटा प्रोग्रॅम म्हणजे ‘हँडलर’. चिपची सगळी ऊठबस सांभाळणाऱ्या ‘ड्रायव्हर’चा तो एक भाग. हँडलर संपला की प्रोसेसर मूळ कामावर परत येतो.

ऐकायला हे सोपे वाटते. पण हाक कोणत्या क्षणी येईल याचा भरवसा नसल्यामुळे इथल्या चुका पुन्हा घडवून दाखवता येत नाहीत. डच संगणकशास्त्रज्ञ एड्सखर डाइक्स्ट्रा यांनी इलेक्ट्रॉलॉजिका एक्स-१ या संगणकासाठी इंटरप्ट हाताळणारा प्रोग्रॅम लिहिला आणि १९५९ मध्ये त्या कामावरच डॉक्टरेट मिळवली. इंटरप्टची सोय करायची म्हटल्यावर याच कारणाने ते धास्तावले होते. त्यांची धास्ती अनाठायी नव्हती, हे प्रत्येक ड्रायव्हर लिहिणारा कधी ना कधी अनुभवतोच.

बदल पाहायचा की स्थिती?

तारेवर दोनच गोष्टी असू शकतात: दाब आहे (समजा ३.३ व्होल्ट) किंवा नाही (शून्य). मग ‘हाक आली’ असे कधी म्हणायचे? याचे उत्तर प्रोसेसरला आधी सांगून ठेवावे लागते. त्यालाच ‘ट्रिगर’ ठरवणे म्हणतात आणि साऱ्या गोंधळाचे मूळ इथेच आहे.

पुन्हा त्या दारावरच्या दिव्याकडे पाहू. एक सिस्टर अशी की दिवा *लागताना* दिसला तरच उठते. दुसरी अशी की मान वर केली आणि दिवा *लागलेला* दिसला की उठते. पहिलीचा ट्रिगर ‘एज’ म्हणजे कड. तिला बदल दिसतो. दुसरीचा ‘लेव्हल’ म्हणजे पातळी. तिला स्थिती दिसते. एकच रुग्ण, एकच दिवा आणि सिस्टर सतत जागी असेल तर दोघींच्या कामात फरक जाणवणारही नाही. म्हणूनच टेबलावरच्या चाचणीत चुकीचा ट्रिगरसुद्धा बिनबोभाट पास होतो.

> चौकट: ट्रिगरचे प्रकार
> रायझिंग एज – दाब शून्यावरून वर जाताना. लिनक्समध्ये याचा अंक १.
> फॉलिंग एज – दाब वरून शून्यावर येताना. अंक २.
> हाय लेव्हल – दाब वर असेपर्यंत. अंक ४.
> लो लेव्हल – दाब शून्यावर असेपर्यंत. अंक ८.
> दोन्ही कडा हव्या असतील तर १ आणि २ मिळून ३.

पहाटे सहाला मुके होणारे यंत्र

आता एक खरी चिप घेऊ. डीएस३२३१ हे घड्याळ अभियांत्रिकीच्या प्रोजेक्टांत हमखास सापडते. स्वस्त आहे आणि वर्षाला जेमतेम एका मिनिटाचा फरक पडावा इतके अचूक आहे. त्यात दोन गजर लावता येतात, पण गजराची पिन एकच. कोणताही गजर झाला की चिप ती पिन शून्यावर खेचते आणि आतल्या स्टेटस रजिस्टरमध्ये, म्हणजे स्थिती नोंदवणाऱ्या छोट्या कप्प्यात, त्या गजराचा झेंडा उभा करते. पहिल्या गजराचा एक झेंडा, दुसऱ्याचा दुसरा. प्रोसेसरने झेंडे खाली उतरवेपर्यंत पिन शून्यावरच राहते. दोनपैकी एक जरी झेंडा उभा असला तरी पिन सुटत नाही. दोन खाटांच्या खोलीवर एकच दिवा असावा, तसे.

समजा, शेतातल्या मातीचा ओलावा मोजणारे यंत्र आहे. दुसरा गजर दर तासाला होतो, तेव्हा ओलावा मोजायचा. पहिला गजर रोज सकाळी सहाला होतो, तेव्हा दिवसभराच्या नोंदी मोबाइल नेटवर्कवरून पाठवायच्या. बाकी वेळ प्रोसेसर झोपलेला. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने फॉलिंग एज निवडली, कारण पिन वरून खाली येते हे त्याने पाहिले होते. हँडलरमध्ये लिहिले: पहिला झेंडा उभा असेल तर तो उतरव आणि नोंदी पाठव, नाहीतर दुसरा उतरव आणि ओलावा मोज.

दुपारी यंत्र बसवले. तीन, चार, पाच वाजता नोंदी चोख. रात्रभर चोख. पहाटे पाचलाही चोख. सहाला मात्र दोन्ही गजर एकाच क्षणी होतात. पिन एकदाच खाली येते, म्हणजे कड एकच. हँडलर जागा होतो, पहिला झेंडा उतरवतो, नोंदी पाठवतो आणि परततो. दुसरा झेंडा तसाच उभा. पिन शून्यावरच. सातला घड्याळ पुन्हा गजर करते, पण आधीच शून्यावर असलेली पिन आणखी खाली जाणार कुठे? कड नाही, हाक नाही. यंत्र मुके.

बॅटरी भरलेली आहे, घड्याळ चालते आहे. कोणीतरी डबा उघडून यंत्र बंद-चालू करतो. सुरुवातीलाच प्रोग्रॅम दोन्ही झेंडे साफ करत असल्यामुळे सगळे सुरळीत होते आणि दुसऱ्या दिवशी सहाला पुन्हा तेच. मग नेटवर्कवर संशय जातो, पहाटेच्या दवावर जातो, शेवटी उंदरांवरसुद्धा.

इथे लो लेव्हल निवडली असती तर? हँडलर परतल्यावर प्रोसेसरने पाहिले असते की पिन अजून शून्यावर आहे, आणि हँडलरला लगेच पुन्हा धाडले असते. दुसऱ्या फेरीत दुसरा झेंडा उतरला असता आणि पिन सुटली असती. हँडलर तोच, अर्धवटच लिहिलेला. पण लेव्हलने त्याची चूक पोटात घातली असती.

एजच वापरायची सक्ती असेल तर हँडलरने एका झेंड्यावर समाधान मानून चालत नाही. स्टेटस रजिस्टर वाचायचे, जे झेंडे उभे असतील ते उतरवायचे, पुन्हा वाचायचे, आणि एकही उभा नाही असे दिसेपर्यंत हेच करायचे. त्यानंतर नवा झेंडा उभा राहिला तर हरकत नाही, कारण मध्ये पिन वर जाऊन आलेली असते आणि कड नव्याने मिळते. आणखी एक फट असते ती सुरुवातीलाच: ड्रायव्हरने ऐकायला सुरुवात करण्याआधीच पिन खाली गेलेली असेल तर ती कड कोणी पाहिलेलीच नसते. टचच्या अबोल्याचा उलगडाही इथेच होतो. पडदा बंद-चालू करताना ड्रायव्हर टचची चिप रीसेट करतो, तिची पिन सुटते आणि पुढच्या स्पर्शाला पहिल्यासारखी कड मिळते.

हाकांचा पाऊस

मग सरसकट लेव्हलच का वापरू नये? कारण ती विसरत नाही, आणि तोच तिचा त्रासही आहे. सिस्टर आली, औषध दिले, पण कळ पूर्ववत करायला विसरली, तर दिवा लागलेलाच राहील आणि ती खोलीबाहेर पडताच पुन्हा आत वळेल. दिवसभर त्याच दारात.

आर्डुइनोवर हे प्रत्यक्ष पाहता येते. डीएस३२३१ शी बोलायचे तर आयटूसी नावाच्या दोन तारांच्या संथ मार्गाने बोलावे लागते आणि आर्डुइनोच्या हँडलरमधून ते करता येत नाही, कारण त्या मार्गाची लायब्ररी स्वतःच इंटरप्टवर चालते. म्हणून हँडलर फक्त ‘गजर झाला’ अशी खूण करून परततो आणि झेंडे उतरवायचे काम मुख्य प्रोग्रॅमवर सोडतो. ट्रिगर लो लेव्हल असेल तर पिन अजून शून्यावरच. हँडलर लगेच पुन्हा हजर. उनोच्या प्रोसेसरचा नियम असा की एका हँडलरमधून परतल्यावर मुख्य प्रोग्रॅमची एक सूचना पार पाडायची आणि मगच पुढचा इंटरप्ट घ्यायचा. म्हणजे प्रोग्रॅम थांबत नाही. दोन हाकांच्या मध्ये एकेक सूचना करत सरपटत राहतो. बाहेरून पाहणाऱ्याला तो गोठलेलाच वाटतो.

उपाय सरळ आहे. हँडलरने परतण्याआधी त्या पिनचा इंटरप्ट तात्पुरता मिटून ठेवायचा, मुख्य प्रोग्रॅमने झेंडे उतरवायचे आणि मग तो उघडायचा. लिनक्समध्ये या व्यवस्थेला ‘वनशॉट’ म्हणतात. आयटूसीवरच्या चिपांसाठी तिथे हँडलरचे काम एका वेगळ्या धाग्यावर, म्हणजे थ्रेडवर सोपवतात. वनशॉटची खूण दिली की धाग्याचे काम संपेपर्यंत त्या चिपची इंटरप्ट ओळ, म्हणजे हाकेची तार, मिटलेली राहते. नुसता धागा दिला आणि ही खूण द्यायला विसरलात, तर सहसा लिनक्स विनंतीच नाकारतो. मला ही कडक शिस्त आवडते. रात्री यंत्र लटकण्यापेक्षा दुपारी प्रोग्रॅमने तोंडावर नकार दिलेला बरा.

हाकांचा पाऊस सुरू झालाच, तर लिनक्सपाशी शेवटचा उपायही आहे. एखाद्या ओळीवरच्या १ लाख इंटरप्टपैकी ९९,९०० हून जास्त ‘आपले नाहीत’ असे सगळ्या ड्रायव्हरांनी सांगितले, तर कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ‘कोणालाच पर्वा नाही’ अशा अर्थाचा संदेश नोंदवून ती ओळ बंद करून टाकतो. संगणक वाचतो, त्या ओळीवरची उपकरणे गप्प होतात.

जिथे बदल हीच बातमी असते

काही ठिकाणी एजच हवी. जीपीएस रिसीव्हर दर सेकंदाला एक ठोका देतो. तो वर जाण्याचा क्षण म्हणजेच सेकंदाची सुरुवात. तो किती वेळ वर राहतो याच्याशी कोणाला देणेघेणे नसते. चाकाचे फेरे मोजणारा सेन्सर तसाच. दाबायचे साधे बटणही तसेच, कारण बोट दाबलेले असेपर्यंत हजारदा हाक नको असते. बटणाची खोड मात्र वेगळी: आतल्या धातूच्या पट्ट्या टेकताना काही मिलिसेकंद थरथरतात आणि एका दाबण्याच्या अनेक कडा होतात. म्हणून पहिल्या कडेनंतर थोडे थांबून पिन पुन्हा वाचायची असते.

सगळ्यात फसवी मंडळी म्हणजे दोन्ही प्रकारे वागू शकणाऱ्या चिपा. हालचाल ओळखणारी एमपीयू-६०५० ही लोकप्रिय चिप मुळात इंटरप्टच्या पिनवर फक्त ५० मायक्रोसेकंदांचा ठोका देते. प्रोसेसर तेवढ्या वेळात दुसऱ्या कामात गुंतलेला असेल आणि ट्रिगर लेव्हल असेल, तर तो पाहीपर्यंत पिन पूर्ववत झालेली असते आणि हाक हवेत विरते. एज असेल तर इंटरप्टचा नियंत्रक ती टिपून ठेवतो. पण याच चिपच्या एका रजिस्टरमधला एक बिट चढवला, की ती ठोका देण्याऐवजी स्टेटस वाचेपर्यंत पिन धरून ठेवते. मग लेव्हल योग्य. थोडक्यात, ट्रिगर दोन टोकांना ठरतो, चिपमध्ये आणि प्रोसेसरमध्ये. एकच टोक बदलले की अबोला ठरलेला.

टिपून ठेवणाऱ्या नियंत्रकाची स्मृतीही तोकडी असते: ‘कड आली होती’ एवढेच त्याला आठवते. हँडलर पोचण्याआधी तीन कडा आल्या तरी त्याच्याकडे नोंद एकच.

कॉम-१ चा माउस आणि कॉम-३ चा मोडेम

नव्वदच्या दशकात ज्यांनी पीसी वापरला त्यांना एक छळ आठवत असेल: माउस कॉम-१ या पोर्टला, मोडेम कॉम-३ ला, इंटरनेट जोडले की माउस गोठायचा. कारण कॉम-१ आणि कॉम-३ यांची इंटरप्ट ओळ एकच होती, चार क्रमांकाची. १९८१ च्या आयबीएम पीसीत इंटेलचा ८२५९ए हा नियंत्रक होता. तो एज आणि लेव्हल दोन्ही ऐकू शकत असे, पण आयबीएमने तो एजवर लावला. शिवाय त्या काळची कार्डे ओळ आपल्याकडे खेचताना आणि सोडताना दोन्ही वेळा जोर लावत, त्यामुळे दोन कार्डे एका तारेवर सुखाने नांदणे अवघडच.

१९९२ मध्ये पीसीआय आले आणि त्याने लो लेव्हल निवडली. त्यातली युक्ती विजेची आहे. प्रत्येक कार्ड तारेला फक्त शून्यावर खेचू शकते. सोडले की एक रोधक तिला आपोआप वर नेतो. कोणी एकाने खेचली तरी तार खाली, सगळ्यांनी सोडली तरच वर. भांडण नाही आणि कोणाची हाक हरवतही नाही. डीएस३२३१ ची पिनही अशीच आहे, म्हणून तिला रोधक जोडावा लागतो. पुढे पीसीआय एक्स्प्रेसमध्ये तर तारच गेली. उपकरण मेमरीच्या ठरावीक पत्त्यावर एक आकडा लिहिते आणि तीच हाक. वागायला ती एजसारखी, पण प्रत्येकाचा आकडा वेगळा असल्याने जुना घोळ होत नाही.

ठरवायचे कोणी?

ड्रायव्हर लिहिणाऱ्याला वाटते, चिपची डेटाशीट माझ्यासमोर आहे, तर ट्रिगर मीच ठरवीन. तो ड्रायव्हरमध्ये ‘फॉलिंग एज’ असे पक्के लिहून टाकतो. मग दुसऱ्याच कंपनीचा बोर्ड येतो. तिथे चिप आणि प्रोसेसरच्या मध्ये दाब जुळवण्यासाठी एक ट्रान्झिस्टर असतो आणि तो खूण उलटी करतो: चिप खाली खेचते तेव्हा प्रोसेसरला दाब वर गेलेला दिसतो. चिप तीच, ड्रायव्हर तोच, ट्रिगर मात्र चूक.

प्रोसेसरच्याही मर्यादा असतात. उनोच्या दोन बाह्य इंटरप्ट पिनांवर लो लेव्हल आणि कडा मिळतात, हाय लेव्हल मिळत नाही. एसटीएम३२ घराण्यातल्या बहुतेक चिपांचा बाह्य इंटरप्ट फक्त कडा ओळखतो, तिथे झेंडे संपेपर्यंत फेऱ्या मारणारा हँडलर लिहावाच लागतो. आर्म प्रोसेसरांमधल्या ‘गिक’ या नियंत्रकाला उपकरणांच्या ओळींवर हाय लेव्हल आणि रायझिंग एज एवढेच कळते. लो लेव्हल मागितली तर लिनक्स चूक दाखवून परत पाठवतो.

म्हणजे ट्रिगर हा ना एकट्या चिपचा गुण, ना एकट्या प्रोसेसरचा. तो बोर्डावरच्या जोडणीचा गुण आहे. म्हणून एम्बेडेड लिनक्समध्ये तो ‘डिव्हाइस ट्री’ या बोर्डाच्या वर्णनात लिहितात: कोणती चिप, कोणत्या ओळीवर, कोणत्या ट्रिगरने. ड्रायव्हरने स्वतःचा ट्रिगर सांगितला तर तो वर्णनातल्या ट्रिगरवर मात करतो. सांगितलाच नाही तर वर्णनातला लागू होतो. माझ्या मते ड्रायव्हरने इथे गप्प बसणेच शहाणपणाचे. आणि वर्णन लिहिणाऱ्याने डेटाशीटमध्ये एकच प्रश्न विचारावा: ही चिप उत्तर मिळेपर्यंत पिन धरून ठेवते का? ठेवत असेल तर लेव्हल. ठोका देऊन मोकळी होत असेल तर एज.

घरात लिनक्सवर चालणारा लॅपटॉप किंवा रास्पबेरी पाय असेल, तर ‘प्रॉक’ फोल्डरमधली ‘इंटरप्ट्स’ ही फाइल उघडून पाहा. प्रत्येक ओळीपुढे तिचा ट्रिगर आणि आजवर आलेल्या हाकांची संख्या दिसते. रास्पबेरी पायवर बहुतेक ओळींपुढे ‘लेव्हल’ असते. कीबोर्ड अजून जुन्या पद्धतीने जोडलेला लॅपटॉप असेल, तर त्याच्या एक क्रमांकाच्या ओळीपुढे १९८१ च्या पीसीप्रमाणे आजही ‘एज’ लिहिलेले सापडेल.